मदत हवी आहे: ८५ अंशांना हीट पंपाची सीओपी ३ च्या वर जात नाही, आणि डेटाशीटवर ४ लिहायचंय

कोमटपाणी

नमस्कार मंडळी. हीट पंप, बॉयलर किंवा रेफ्रिजरेशनमध्ये हात काळे केलेल्यांची मदत हवी आहे. धागा लांबलाय, पण आकडे न देता विचारलं तर कोणी काय सांगणार, म्हणून सगळंच लिहिते.

मी एका छोट्या स्टार्टअपमध्ये थर्मल इंजिनिअर आहे. थर्मलची मी एकटीच, बाकी सगळे कंट्रोल, सॉफ्टवेअर आणि विक्रीचे. कारखान्यांना गरम पाणी लागतं, ते बहुतेक ठिकाणी गॅस नाहीतर तेल जाळून करतात. आम्ही त्या जागी हीट पंप देतो. कूलिंग टॉवरकडे वाया चाललेलं ४० अंशांचं पाणी घ्यायचं, त्यातली उष्णता उचलायची आणि पलीकडे ८५ अंशांचं पाणी द्यायचं. यंत्रात रेफ्रिजरंट म्हणून आयसोब्युटेन गॅस आहे, कंप्रेसर व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह), दोन्ही बाजूंना ब्रेझ्ड प्लेट हीट एक्स्चेंजर. रिगवर, म्हणजे चाचणीच्या मांडणीवर, सोर्सचं (ज्यातून उष्णता उचलायची ते) पाणी ४० ला आत शिरतं आणि ३५ ला बाहेर पडतं. गरम बाजूला ८० ला आत, ८५ ला बाहेर.

आता अडचण. पहिल्या प्रोटोटाइपच्या चाचणीत सीओपी ४ आली होती, म्हणजे एक भाग विजेत चार भाग उष्णता. तेव्हा पाणी ७० पर्यंतच नेलं होतं, कारण रिगचे होज त्याहून जास्त सोसणारे नव्हते. सोर्स मात्र हाच, ४० ला आत आणि ३५ ला बाहेर. तो ४ चा आकडा तेव्हापासून गावभर फिरतोय. गुंतवणूकदारांच्या प्रेझेंटेशनमध्ये तो आहे, वेबसाइटवर आहे, आणि आता पहिल्या मोठ्या ग्राहकाच्या डेटाशीटवर "८५ अंश, सीओपी ४" असा छापून आलाय. खाली 'तपासले' या रकान्यात माझी सही हवी आहे.

मला रिगवर कधी २.७ मिळते, कधी ३.२. सरासरी ३ धरा. गरम बाजूला ४२ किलोवॉट उष्णता, १४ किलोवॉट वीज.

संस्थापकांचं म्हणणं असं, की ४ एकदा आली होती म्हणजे यंत्रात ती आहे, मग आता गेली कुठे? काहीतरी बिघडलंय, शोध. माणूस वाईट नाही. सॉफ्टवेअरमधून आलेत, तिथे काल चाललेलं आज चाललं नाही तर तो बगच असतो.

मी गॅसचा चार्ज पुन्हा वजनावर तपासला, सुपरहीट (वाफ उकळबिंदूच्या वर किती तापलीय ते) ८ केल्विनच्या आसपास स्थिर आहे. एक्स्चेंजर चोंदलेत म्हणावं तर पाण्याचं आणि रेफ्रिजरंटचं तापमान पूर्वीइतकंच जवळ येतंय. कंप्रेसर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये या स्थितीला जितका करंट दाखवतात तितकाच इथे दिसतो. तरी ३.

यंत्रात दोष आहे की माझ्या मोजण्यात? आणि दोन्हींत नसेल तर हे वर कसं सांगायचं? नोकरीत मी नवीन नाही, पण असली सही पहिल्यांदाच करतेय. आगाऊ धन्यवाद.

टवाळखोर

बॉयलर लावा. ३ नको, ४ नको, भानगडच नको.

दाबमापक

ताई, निदान करण्याआधी थोडी उलटतपासणी. तापमानाचे सेन्सर कोणते आणि बसवलेत कसे? पाइपला बाहेरून पट्ट्याने बांधलेत की थर्मोवेलमध्ये (पाइपात घुसवलेल्या बंद नळीत) आहेत? फ्लोमीटर कुठल्या लाइनवर? वीज कुठून वाचता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोर्स बाजूची उष्णता मोजता की नाही?

कोमटपाणी

पीटी-१००, क्लास ए, थर्मोवेलमध्ये. मॅग्नेटिक फ्लोमीटर गरम बाजूच्या रिटर्न लाइनवर, प्रवाह सेकंदाला २ लिटर. वीज व्हीएफडीच्या डिस्प्लेवरून. सोर्स बाजूला पण तसाच संच आहे, तिथे ३१ किलोवॉट दाखवतो.

दाबमापक

मग चाचणी तुमच्या ताब्यात आहे, फक्त हिशोब जुळत नाहीये. बघा: सोर्सकडून ३१ आत आले, कंप्रेसरने १४ घातले, एकूण ४५. गरम बाजूला ४२ च बाहेर पडतात. ३ किलोवॉट हवेत जात असते तर रिगच्या खोलीत तुम्हाला उभं राहवलं नसतं. कुठलं तरी मीटर खोटं बोलतंय, कदाचित एकाहून जास्त. हा ताळेबंद जुळल्याशिवाय सीओपीवर वाद घालूच नका.

कुठे बघायचं ते सांगतो. गरम बाजूला तुमचा फरक फक्त ५ केल्विनचा आहे. क्लास ए पीटी-१०० ची सूट ०.१५ अधिक तापमानाच्या ०.००२ पट, म्हणजे ८५ ला प्रत्येकी जवळपास ०.३२. दोन्ही सेन्सर उलट दिशांना चुकले तर ०.६४. पाचातले ०.६४ गेले की उष्णतेत १३ टक्के गडबड! प्रत्यक्षात इतकं वाईट क्वचितच होतं, ९ टक्के धरून चाला. यावर फुकटातला उपाय आहे. स्थिर चालू असताना एक रीडिंग घ्या, मग दोन सेन्सरची जागा अदलाबदल करून दुसरं घ्या. खरा फरक दोन्हींच्या सरासरीइतका. सेन्सर बदलताना थर्मोवेलच्या तळाला टेकतोय आणि थर्मल पेस्ट आहे एवढं पाहा, नाहीतर आतली हवा मोजत बसाल.

पण एक लक्षात घ्या. सेन्सरची ही चूक रोज बदलत नाही, एकाच बाजूला बसून राहते. त्यामुळे २.७ ते ३.२ हे हेलकावे तिच्यामुळे नाहीत. ते बहुतेक रिग स्थिर होण्याआधी वाचल्यामुळे. टाकी तापत असेल तर ८० चं ८१ होईपर्यंत सगळेच आकडे सरकत असतात. रिटर्नचं तापमान अर्धा तास दशांशातच हललं पाहिजे, तेवढाच लॉग धरा. बाकीचा फेकून द्या, कितीही सुंदर आकडा आला असला तरी.

आणखी दोन बारीक गोष्टी. ८० अंशांना लिटरभर पाणी ९७२ ग्रॅमच भरतं. लिटर म्हणजे किलो धरलं असेल तर उष्णता ३ टक्के फुगलेली आहे. आणि व्हीएफडीचा डिस्प्ले सहसा मोटरकडे जाणारी पॉवर दाखवतो, ड्राइव्हमध्ये जळणारी त्यात नसते. ग्राहक बिल ड्राइव्हच्या अलीकडचं भरणार. तेव्हा ड्राइव्हच्या इनपुटला चांगला पॉवर अॅनलायझर लावा. आउटपुटला साधा क्लॅम्प मीटर लावू नका, त्या तुटक वेव्हफॉर्मवर तो काहीही सांगतो.

लिटमस

सोर्स लूपमध्ये ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते) आहे का? असेल आणि हिशोबात पाण्याचाच विशिष्ट उष्मा टाकला असेल तर तुमचे ३१ तिथेच उतरतील.

जुनाबॉयलर

दाबमापकांनी मोजण्याचं सगळं सांगितलंच आहे. मी दुसरीकडून येतो, कारण मला वाटतं तुमच्या यंत्रात काहीच बिघडलेलं नाही.

कागद घ्या. आदर्श यंत्राची सीओपी म्हणजे गरम टोकाचं केल्विनमधलं तापमान भागिले दोन टोकांमधला फरक. फ्रेंच अभियंता कार्नोने १८२४ मध्ये ज्या मर्यादेचा पाया घातला तीच ही, आणि ती स्टार्टअपलाही लागू आहे. जुन्या चाचणीत ७० ला पाणी, सोर्स ३५ ला बाहेर. ३४३ भागिले ३५, म्हणजे ९.८. तुमची ४ त्याच्या सुमारे ४१ टक्के. आता ८५ ला: ३५८ भागिले ५०, म्हणजे ७.१६. तुमची ३ त्याच्या ४२ टक्के.

कळलं का? ७० ला जे यंत्र होतं तेच ८५ ला आहे, वर अर्धा-एक टक्का बरंच. १५ अंश जास्त चढायला सांगितलं म्हणून सीओपी ४ वरून ३ वर आली. ८५ ला ४ हवी असेल तर कार्नोच्या ५६ टक्के गाठावे लागतील. चांगली औद्योगिक यंत्रं ४० ते ५५ च्या पट्ट्यात खेळतात. तुमच्या पहिल्या प्रोटोटाइपने हा पट्टा ओलांडावा अशी अपेक्षा धरणं मला तरी धाडसाचं वाटतं.

संस्थापकांना हेच दाखवा, पण शब्दांत सांगू नका. आडव्या अक्षावर पाण्याचं तापमान, उभ्यावर सीओपी, वर कार्नोची रेघ, खाली तिच्या ४२ टक्क्यांची रेघ आणि त्यावर तुमचे मोजलेले ठिपके. सॉफ्टवेअरच्या माणसाला आलेख कळतो. बग असता तर ठिपका रेघेवरून खाली पडला असता.

यंत्र सुधारायचंच असेल तर आधी सक्शन लाइन (कंप्रेसरकडे जाणारी वाफ) आणि लिक्विड लाइनमध्ये (द्रव रेफ्रिजरंट) इंटर्नल हीट एक्स्चेंजर टाकून बघा. आयसोब्युटेनची खोड अशी की दाबताना वाफ पुन्हा ओल्या भागाकडे झुकते, नुसत्या ८ केल्विन सुपरहीटवर कंप्रेसरच्या तोंडाशी थेंब यायची भीती असते. त्यात हा गॅस तेलात भरपूर विरघळतो, तेल पातळ होतं आणि बेअरिंग कुरकुरतात. लिक्विडची उष्णता सक्शनला दिली की सुपरहीट वाढतो, लिक्विड आणखी थंड होतं, सीओपीही थोडी वर सरकते. थोडीच. ३ ची ४ नाही होणार.

आणि न विचारता सांगतो, कारण रिग पाहिलेल्या लोकांची ही जुनी सवय. आयसोब्युटेन हवेच्या दुप्पट जड. गळती झाली तर ते जमिनीवर साचतं. डिटेक्टर छताला लावला असेल तर आजच खाली आणा, एक्झॉस्टही खालूनच खेचणारा हवा.

टवाळखोर, बॉयलरचं नाव मीच लावलंय, पण तुमचा हिशोब कच्चा आहे. गॅस बॉयलर ९० टक्क्यांचा धरला तरी, ३ सीओपीच्या हीट पंपाची उष्णता स्वस्त पडायला वीज तेवढ्याच ऊर्जेच्या गॅसच्या सव्वातीनपट महाग नसली म्हणजे झालं. बऱ्याच ठिकाणी नसते. धूर नाही ते वेगळंच.

लालशाई

मी गुणवत्ता विभागात आयुष्य घालवलंय, म्हणून सहीपुरतं बोलते. एकच आकडा असलेल्या डेटाशीटवर सही करू नका. तक्ता मागा: सोर्सचं आत-बाहेर तापमान, गरम बाजूचं आत-बाहेर तापमान, त्या स्थितीला उष्णता, वीज, सीओपी आणि सहनमर्यादा. वीज म्हणजे काय काय धरलंय तेही लिहा. ईएन १४५११ सारख्या हीट पंप चाचणीच्या मानकात पंपांची वीज कितपत धरायची हे ठरवून दिलंय, ते वाचा आणि आपण काय धरलं ते स्पष्ट लिहा. तोंडी बोलणं झालं तरी त्यानंतर एक साधा ईमेल टाका: आज अमुक आकड्यांवर चर्चा झाली, ८५ ला ४ मोजलेली नाही. भांडण नको, नोंद हवी.

शिवाय ग्राहकाकडे हीट मीटर बसणार आहे ना? तो किलोवॉटतास मोजत राहील. त्याच्या शेजारी विजेचं मीटर. महिनाअखेर भागाकार कोणीही करू शकतं. संस्थापकांना घाबरवायला एवढं पुरतं, तुम्हाला आवाज चढवावा लागणार नाही.

निवृत्तवाफ

एक प्रश्न राहिला. ग्राहकाला ८५ कशाला हवंय? बहुतेक वेळा उत्तर येतं, "आधीपासून तेवढंच आहे." आधीपासून कारण बॉयलर होता, आणि बॉयलरला ६५ काय नि ८५ काय, फार फरक पडत नाही. धुण्याच्या टाकीत पाणी ६० चं असतं आणि पाइपात ८५ चं धावत असतं. टाकीतली कॉइल मोठी केली तर ७० मध्ये काम भागतं का बघा. खरंच ८५ लागत असेल आणि पाणी थंड येऊन एका फेरीत ८५ ला जाणार असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे सीओटूवर चालणाऱ्या ट्रान्सक्रिटिकल हीट पंपाचा विचार करावा लागेल, तो तुमच्या आयसोब्युटेनच्या खेळातला नाही.

कोमटपाणी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

लिटमस, सोर्स लूपमध्ये ग्लायकॉल निघालं. रिग उभी केली तेव्हा कोणीतरी गोठण्याच्या भीतीने घातलेलं, कागदावर नोंद नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर ३० टक्के दाखवतंय. त्याचा विशिष्ट उष्मा आणि घनता टाकल्यावर ३१ चे २८.५ झाले. दाबमापक, सेन्सरची अदलाबदल केली: सरळ ५.१, उलट ४.९. म्हणजे सेन्सर बऱ्यापैकी प्रामाणिक आहेत. पाण्याची घनता मात्र खरोखरच १ धरलेली होती. ती सुधारल्यावर गरम बाजूला सुमारे ४१ किलोवॉट. आता आत ४२.५, बाहेर ४१, उरलेलं कंप्रेसरच्या अंगातून जातंय हे हाताला जाणवतंच. ड्राइव्हच्या इनपुटला पॉवर १४.५ आली. म्हणजे खरी सीओपी २.८. मदत मागायला आले तेव्हा ३ होती!

स्थिर झाल्यानंतरचाच लॉग धरल्यावर हेलकावेही २.७५ ते २.८५ मध्ये आले.

जुनाबॉयलर काका, आलेख काढला. संस्थापकांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मग ७० ला तरी ४ आहे ना?" याच दुरुस्त्या लावल्या की तिथेही ३.७-३.८ च होते, हे सांगितल्यावर चेहरा पडला, पण वाद घातला नाही. डेटाशीट मागे घेतलीय. लालशाई, तुमच्या पद्धतीचा तक्ता बनवतेय, ६५, ७५ आणि ८५ अशा तीन स्थितींचा. वेबसाइटवरचा ४ अजून तसाच आहे, त्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलायचंय.

डिटेक्टर छतालाच होता. आता खाली आहे.

निवृत्तवाफ, ग्राहकाला विचारलं. त्यांच्या देखभाल विभागाने शब्दशः तेच उत्तर दिलं. टाकीतल्या कॉइलचं ड्रॉइंग मागवलंय. कॉइलचं क्षेत्रफळ काढताना बाहेरच्या बाजूला साबणाच्या पाण्याचा थर बसतो, त्याचा फाउलिंग फॅक्टर किती धरावा याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर इथेच लिहा किंवा व्यनि करा.