प्लेस्टेशन ३ च्या प्लेटीव्हीवर फ्री डिश रेकॉर्ड होईल का?

मडगावकर: भावाने लिस्बनहून प्लेटीव्ही, म्हणजे प्लेस्टेशनवर टीव्ही पाहायचा नि रेकॉर्ड करायचा ट्यूनर पाठवलाय. गच्चीवरच्या फ्री डिशची केबल त्याला जोडली तर चालेल?

म्हापसेकर: नाही. तो फक्त डीव्हीबी-टी, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्याचं प्रक्षेपण पकडतो. फ्री डिश उपग्रहावरून येते. एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला लागणारे १३ किंवा १८ व्होल्टही हा ट्यूनर देत नाही.

फोंडेकर: एक्सबॉक्स वन या दुसऱ्या गेम कन्सोलचा ट्यूनरही घेऊ नका. त्यात टी२, म्हणजे डीव्हीबी-टीची पुढची आवृत्ती आहे, पण तीही मनोऱ्याचीच, आणि रेकॉर्डिंग नाही. थेट कार्यक्रम ३० मिनिटं थांबवता येतो, इतकंच. यूएसबी रेकॉर्डिंगवाला डीव्हीबी-एस२, म्हणजे उपग्रहाचं प्रक्षेपण पकडणारा सेट-टॉप बॉक्स बरा. गोव्यातून डिश आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६१ अंश वर. माडाची झावळी आड आली की चित्र तुटतं.

म्हापसेकर: ते रेकॉर्डिंग प्लेस्टेशनवर पाहायचं तर पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून लांबलचक नाटक तुकड्यांत रेकॉर्ड करा.