मदत हवी आहे: १८१५ च्या सुमाराची फ्रेंच व्यंगचित्रं

वॉटर्लूनंतर पॅरिसमध्ये इंग्रजांची झुंबड उडाली, तेव्हा फ्रेंचांनी लढाईतल्या हारीचं उट्टं चित्रांतून काढलं. रू द्यू कॉक या पॅरिसमधल्या रस्त्यावरच्या मार्तिने यांच्या दुकानात अशी चित्रं विकायला असत. इंग्रज बाई म्हणजे बेढब झगा, चपटी टोपी. साहेब एकतर ढेरपोट्या खादाड नाहीतर काटकुळा. घागरेवाल्या स्कॉटिश सैनिकाकडे चोरून बघणाऱ्या पॅरिसच्या बायका तर फारच भारी! (टोमणा नक्की कुणाला, हा प्रश्नच आहे.)

मला यावर छोटं भाषण द्यायचंय. तांब्याच्या कोरलेल्या पत्र्यावरून छापून हाताने रंगवलेली मूळ प्रत आणि नंतरचं पुनर्मुद्रण फोटोवरून ओळखता येतं का? चित्राखालच्या फ्रेंच ओळींतल्या कोट्याही कुणी समजावून सांगेल का? गॅलिकावरचे (फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ऑनलाइन संग्रह) दुवे पाठवते.