घानात कामगार ठेवायचेत, नाशिकसारखंच चालतं का तिकडे?

अंबड_मोल्डिंग
नमस्कार मंडळी, अंबड एमआयडीसीत माझं इंजेक्शन मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. घानातल्या एका पार्टनरबरोबर टेमाला (अक्राजवळचं बंदर) चार मशीन टाकायचं चाललंय, २५-३० माणसं लागतील. इथे आपण ठेकेदाराकडून माणसं घेतो, ऑर्डर कमी झाल्या की कमी करतो, तसं तिकडे करता येतं का? आणि इथून सुपरवायझर किती नेता येतात? ओळखीतला एकजण म्हणाला तिकडे कायदाबियदा काही नसतो, रोख द्या आणि कामाला लावा, पण मला ते पटत नाहीये. ज्यांनी स्वतः काम केलंय त्यांनी सांगा प्लीज.

टेमाहून_परत
दादा, सहा वर्षं टेमात एका कारखान्यात प्रॉडक्शन बघितलंय, आता गंगापूर रोडला असतो. ते कायदा नसतो वगैरे आधी डोक्यातून काढा. २००३ चा लेबर अ‍ॅक्ट आहे, अ‍ॅक्ट ६५१, तिकडचे कामगार नंबरासकट सांगतात. आठवड्याला ४० तास, आपल्याला ४८ ची सवय म्हणून शिफ्टचं गणित पहिल्याच महिन्यात चुकतं. वर्षाला किमान १५ दिवस भरपगारी रजा, सहा महिने किंवा जास्त ठेवणार असाल तर करार लेखी. आणि तुमचा ठेकेदारीचा प्रश्न, तर टेम्पररी माणूस तुमच्याकडे सलग सहा महिने राहिला की कायद्याने तो पर्मनंट धरतात.

पण सगळ्यात जपायचं ते स्निट, म्हणजे तिकडचं पीएफ समजा. आमच्या मालकांनी आठ महिने कापलं आणि भरलंच नाही. एक ऑपरेटर दुपारी केबिनला आला, आरडाओरडा काही नाही, पगाराच्या आठ चिठ्ठ्या घडी करून पाकिटात ठेवलेल्या, त्या टेबलावर एकेक करून मांडत गेला आणि प्रत्येकीवर कापलेल्या रकमेवर बोट ठेवत गेला. मला मान वर करता येईना. नंतर दंडासकट भरलं सगळं, पण तोवर आमचे चांगले तीन ऑपरेटर शेजारच्या कारखान्यात गेले होते, आणि त्यांचं काय चुकलं सांगा.

अजून एक, रजा. आपल्याकडे माणूस गेला की त्याच दिवशी अमरधाम, दहाव्याला रामकुंड. तिकडे अंत्यविधी कधीकधी कित्येक आठवड्यांनी होतो, बहुतेक शनिवारी, लांबलांबून नातेवाईक येतात. इथून आलेल्या एका सुपरवायझरने तिथल्या एका कामगार पोराला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं, का तर आई मागच्या महिन्यात वारली म्हणून सुट्टी घेतलीस आणि आता परत आईसाठीच मागतोस. ते पोरगं अंत्यविधीला घालायचे काळे-लाल कपडे पिशवीत घेऊन उभं होतं, कामावरून सुटून थेट गावी निघायचं म्हणून. आजही आठवलं की वाईट वाटतं. तुमचा माणूस जाण्याआधी त्याला हे सांगाच सांगा.

सीए_कॉलेजरोड
स्निटचा हिशोब देतो. मूळ पगारावर मालकाचे १३ टक्के आणि कामगाराचे ५.५, एकूण १८.५. त्यातले १३.५ स्निटला आणि ५ टक्के दुसऱ्या टियरला (पेन्शनचाच दुसरा भाग), तो खाजगी ट्रस्टीकडे जातो. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेच्या आत भरायचं, उशीर झाला तर महिन्याला ३ टक्के दंड. पगारावरचा इन्कम टॅक्स वेगळा कापायचा.
सुपरवायझरचं म्हणाल तर २०१३ च्या गुंतवणूक कायद्यात बाहेरून किती माणसं आणता येतील याचा कोटा भांडवलावर ठरतो, ५० हजार ते अडीच लाख डॉलरला एकच माणूस. स्थानिक पार्टनर असला की किमान २ लाख डॉलर आणि त्याचा हिस्सा निदान १० टक्के असं त्यात आहे. ही किमान भांडवलाची अट काढणार असं तिकडच्या सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलंय, म्हणून पैसे पाठवायच्या आधी तिथल्या वकिलाकडून आजची स्थिती लेखी घ्या.

लागोसकर_नाशिक
फक्त एवढंच, नायजेरियाचं बघून घानाचं ठरवू नका, लोक सगळं आफ्रिका म्हणून एकत्र करतात. आमच्याकडे पेन्शन मालक १० आणि कामगार ८ टक्के, किमान वेतन २०२४ पासून महिन्याला ७० हजार नायरा. घानात किमान वेतन रोजावर ठरतं, दरवर्षी बदलतं. पण त्या आकड्यावर चांगला मोल्डिंग ऑपरेटर मिळेल अशी आशा धरू नका.

अंबड_मोल्डिंग
सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठ्यांचं वाचून थांबलोच जरा, माझे वडील सातपूरला कामगार होते, त्यांच्या पीएफसाठी आईने मारलेले हेलपाटे मी बघितलेत. आज रात्री पार्टनरला फोन करतो, ठेकेदार नको, पहिल्या दिवसापासून करार आणि स्निट नोंदणी. @टेमाहून_परत, एकच माणूस नेता आला तर मशीन सेटिंगवाला नेऊ की शिफ्ट सांभाळणारा?

टेमाहून_परत
सेटिंगवाला. शिफ्ट तिथल्याच माणसाच्या हातात द्या, त्याला कामगारांची भाषाही येते आणि कोणाच्या घरी काय चाललंय तेही माहीत असतं. तुमच्या माणसाने मोल्ड बदलायला नीट शिकवलं तर वर्षभरात तिथली पोरं स्वतः करतात, मी बघितलंय. नंबर मेसेज करतो, जाण्याआधी त्याला माझ्याकडे घेऊन या एकदा.