मदत हवी आहे: प्रोसेसर बदलू की बोर्डासकट सगळंच?

नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप २०१७ च्या दिवाळीत असेंबल केलेला. इंटेलचा आय३-६१०० प्रोसेसर (सहावी जनरेशन), एच११० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एसएसडी केव्हाच टाकलीय, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

बाबांचे सोसायटीचे हिशेब, लाइटबिल, रेल्वेची तिकिटं सुखाने चालतात. पण लेकीने नाटकाच्या ग्रुपसाठी व्हिडिओ एडिटिंग मनावर घेतलंय. मोबाइलवरच्या ४के क्लिपा टाइमलाइनवर टाकल्या की चित्र अडखळतं, आवाज पुढे पळतो. काल टास्क मॅनेजर उघडून शेजारीच बसलो. सीपीयू १०० टक्क्यांना चिकटलेला, रॅम साडेसहा जीबी, डिस्क निवांत. दहा मिनिटांचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला, जेवलो, भांडी घासली, परत येऊन बघतो तर ६३ टक्के! दोन कोरांचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधली काम करणारी एकेक यंत्रणा) जीव तो केवढा.

दुकानदार म्हणाला, "आठव्या जनरेशनचा आय५ टाका, सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) ११५१ च आहे." घरी येऊन वाचलं तर पिना तेवढ्याच, पण त्याला ३०० सिरीजचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) लागतो, माझा एच११० तर १०० सिरीजचा. म्हणजे बसला असता, चालू झाला नसता. पैसे दिले नव्हते म्हणून वाचलो.

माझ्या बोर्डावर चालेल असा आय७-७७०० सेकंडहँड साडेपाच हजारांना मिळतोय. चार कोर, आठ थ्रेड. ६५ वॅटचा, आत्ताचा ५१ चा, त्यामुळे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलायला नको. जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागेल (मध्येच लाइट गेली तर बोर्ड बिघडू शकतो; आमच्याकडे गुरुवारी जाते, म्हणून तो वार सोडून).

पण खरी गोम पुढेच आहे. हा आय७ सातव्या जनरेशनचा, आणि विंडोज ११ च्या यादीत ती जनरेशन, एखाददुसरा अपवाद सोडला तर, नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव सुरक्षा अपडेट घेतले तरी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मग या मशीनवर साडेपाच हजार घालायचे का? दुसरा पर्याय एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि नवा बोर्ड. सहा कोर, ग्राफिक्स आतच, रॅम-एसएसडी-कॅबिनेट जुनंच. पण खर्च अठरा हजारांच्या घरात जातो. मन तिकडे ओढतंय, खिसा इकडे.

प्रतिसाद:
दादा, आधी फुकटातलं करून बघा. एडिटरमध्ये ७२०पीच्या प्रॉक्सी फाइली (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉप्या) बनवा, टाइमलाइन हलकी होईल. एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंगवर टिक आहे का? तुमच्या आय३ मध्ये क्विक सिंक (व्हिडिओच्या कामासाठीचा वेगळा भाग) आहे, पण टिक नसेल तर सगळं ओझं कोरांवर पडतं. आणि मोबाइलमध्ये एचडीआर बंद ठेवून शूट करा. एचडीआर व्हिडिओ बहुतेक १०-बिट एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये असतो, आणि तो उलगडायची पूर्ण सोय सातव्या जनरेशनपासून आहे, तुमच्या सहाव्यात नाही. साडेपाच हजार मात्र त्या बोर्डावर घालू नका.

धागाकर्ता:
टिक नव्हती! तोच व्हिडिओ परत लावला, या वेळी भांडी घासून होण्याआधीच झाला. प्रॉक्सीचं लेकीला दाखवलं, "हे आधी का नाही सांगितलंत" म्हणून मलाच ऐकवलं. आय७ वाल्याला "नको" असं कळवलंय. ५६००जी सोबत कोणत्या चिपसेटचा बोर्ड घ्यावा, बी४५० की बी५५०?