शहरातल्या खासगी पाइप गॅस कंपनीवर लगाम कोणी आणि कसा ठेवायचा?

विचारू_का
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. मोठ्या शहरात पाइपने गॅस देणारी खासगी कंपनी बहुतेक ठिकाणी एकच असते. मोबाइलचं कार्ड बदलता येतं, बँक बदलता येते, पण घरात एकदा पाइप आला की तो त्याच कंपनीचा. मग दर परवडेना किंवा तक्रार कोणी ऐकेना तर माणसाने जायचं कुठे? काही जण म्हणतात दोन-तीन कंपन्यांना परवानगी द्या, दर आपोआप खाली येतील. काही म्हणतात सरकारने दर बांधून द्यावेत, आणि काही तर म्हणतात महापालिकेनेच सगळं ताब्यात घ्यावं. मला तिन्हींत थोडं तथ्य वाटतं पण पूर्ण एकही पटत नाही. ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय किंवा अभ्यास केलाय त्यांनी सांगा, नियमन म्हणजे फक्त दर ठरवणं की आणखी काही?

आकडेमोड
चांगला विषय. स्पर्धेचं बोलायचं तर तो प्रयोग कधीच होऊन गेलाय. लंडनमध्ये १८१२ साली पहिल्या गॅस कंपनीला सनद मिळाली (तेव्हा कोळशापासून काढलेला गॅस होता, पण पाइपाचं गणित तेच) आणि पुढे एकेका रस्त्यात दोन-तीन कंपन्यांचे पाइप शेजारी शेजारी पडले. रस्ते सारखे खोदलेले, गळती झाली की ती नेमकी कुणाच्या पाइपातून तेच कळायचं नाही, आणि एवढं करून दर काही फार दिवस खाली राहिले नाहीत कारण प्रत्येकाला आपल्या पाइपाचा खर्च मोजक्याच गिऱ्हाइकांकडून काढायचा होता. शेवटी कंपन्यांनी आपापसात इलाके वाटून घेतले आणि १८६० च्या कायद्याने त्या वाटणीला मान्यता दिली. म्हणजे मक्तेदारी आली ती खर्चाच्या स्वरूपामुळेच. एकदा पाइप पडला की पुढच्या घराला जोडणी द्यायला तुलनेने कमी खर्च येतो, त्यामुळे तिथे दुसऱ्याने नवीन पाइप टाकणं म्हणजे तोच खर्च दोनदा.

हां, स्पर्धा गॅस विकण्यात आणता येते. पाइप एकाचा आणि त्यातून गॅस विकणारे अनेक. ब्रिटनमध्ये १९९६ ते १९९८ या काळात टप्प्याटप्प्याने घरगुती ग्राहकाला विक्रेता निवडायची मोकळीक मिळाली. पण पाइपाचं भाडं तिथेही नियामकच ठरवतो, ते कुठेच सुटत नाही.

आता भाडं ठरवायचं कसं? जुनी पद्धत अशी की कंपनीचा खर्च मान्य करायचा आणि गुंतवलेल्या भांडवलावर अमुक टक्के परतावा द्यायचा. यातली मेख १९६२ साली अॅव्हर्च आणि जॉन्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी दाखवली. परतावा भांडवलावर मिळतो म्हटल्यावर कंपनी गरज नसताना भांडवल वाढवत राहते. म्हणून १९८६ ला ब्रिटिश गॅसचं खासगीकरण झालं तेव्हा दुसरी पद्धत आणली, महागाईच्या दरातून एक ठरावीक आकडा वजा करायचा आणि सरासरी दर तेवढाच वाढू द्यायचा, त्याहून जास्त काटकसर केली तर ते पैसे कंपनीचे. मला स्वतःला ही पद्धत जास्त पटते.

गळतीशोधक
आकडेमोड, इतिहास छान मांडलात, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि असहमती अगदी मनापासून आहे कारण माझं आयुष्य या पाइपांवर गेलंय. काटकसर करायची म्हटलं की कंपनीत पहिली कात्री कुठे लागते सांगू? जमिनीखाली. वरचं ऑफिस, बिलाचं ॲप, कॉल सेंटर लोकांना दिसतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा ओतीव लोखंडाचा पाइप कुणालाच दिसत नाही, तो यंदा नाही बदलला तरी यंदा काही होत नाही, आणि न बदलल्याचे पैसे मात्र यंदाच्या नफ्यात जमा होतात.

जुन्या शहरांत या पाइपांचे सांधे तागाचं गुंडाळण आणि वर ओतलेलं शिसं असे असायचे. कोळशाच्या गॅसमध्ये ओलावा असायचा, त्याने ताग फुगलेला राहायचा आणि सांधा घट्ट बसायचा. नैसर्गिक गॅस कोरडा. तो सुरू झाल्यावर ताग वाळला, आकसला आणि सांधे झिरपायला लागले. वरून वाहनं जातात, जमीन हलते, लोखंड ठिसूळ होत जातं. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो, आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा, आणि तो इतका मिसळायचा असतो की हवेत साधारण १ टक्का गॅस झाला तरी माणसाला कळलं पाहिजे, कारण ५ टक्क्यांच्या आसपास तो पेट घ्यायच्या स्थितीत येतो. पण गॅस मातीतून लांबवर झिरपत गेला तर माती तो वास शोषूनही घेते. म्हणून वास येत नाही म्हणजे गळती नाही असं धरून चालत नाही, माणूस यंत्र घेऊन रस्त्याने, गटारांच्या झाकणापाशी, इमारतीच्या कडेकडेने चालला पाहिजे. हा सर्व्हे किती वेळा करायचा, कोणत्या दर्जाची गळती किती तासांत बुजवायची, हे ठरवणं हेच माझ्या दृष्टीने नियमनाचं काळीज आहे, दर नंतर.

दुसरी गोष्ट म्हणजे हिशेबात न सापडणारा गॅस. शहराच्या वेशीवर घेतलेला गॅस आणि मीटरवर विकलेला गॅस यात फरक येतो, काही मीटरमधल्या चुकीमुळे, काही चोरीमुळे आणि काही गळून. हा तोटा जर सरसकट दरात घालायची परवानगी असेल तर कंपनीला गळती बुजवायची घाई कशाला? ग्राहक हवेत गेलेल्या गॅसचेही पैसे भरतोच आहे. तोट्याला मर्यादा घाला, त्यावरचा तोटा भागधारकांच्या खिशातून जाऊ द्या, मग बघा पाइप कसे भराभर बदलले जातात. पण त्या तोट्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको, मीटर तपासणाराही स्वतंत्र हवा.

ब्रिटनने २००२ मध्ये नियमच केला, इमारतीपासून ३० मीटरच्या आतले लोखंडी पाइप ३० वर्षांत बदलायचे. नुसती काटकसरीची पद्धत ठेवली असती तर हे आपोआप झालं असतं असं मला वाटत नाही.

आकडेमोड
गळतीशोधक, मुद्दा मान्य. पण पाइप बदलायचा खर्च शेवटी बिलातच येणार ना? आणि सक्तीच्या कामाचा खर्च सरसकट मान्य केला की पुन्हा भांडवल फुगवायचा रस्ता मोकळा. त्यामुळे अमुक किलोमीटरला अमुक दर असं आधी बांधून द्यावं लागेल, आणि काम झालं की नाही ते मोजूनच पैसे. ब्रिटननेही २०१३ पासून गॅस वितरणासाठी पद्धत बदलली, त्यात कामाच्या निष्पत्तीला वजन दिलंय.

कलमवाचक
दोघांचंही वाचतेय. मला एकच जोडायचंय, नियामकाला अधिकार आहेत का हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं, नाहीतर बाकी सगळी चर्चा हवेत. भारताचंच उदाहरण घ्या. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आलं. हे मंडळ शहरांच्या वितरणाचे परवाने देतं, ठरावीक वर्षांची मक्तेदारी देतं, सुरक्षेचे मापदंड ठरवतं. पण राजधानीतल्या कंपनीचं पाइपांच्या जाळ्याचं भाडं आणि सीएनजीसाठी (वाहनांत भरायचा दाबलेला गॅस) गॅस दाबण्याचं शुल्क मंडळाने बांधून दिलं तेव्हा कंपनी कोर्टात गेली, आणि १ जुलै २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की थेट ग्राहकाला गॅस विकणाऱ्या कंपनीचे हे दर ठरवायचा अधिकार कायद्याने मंडळाला दिलेलाच नाही. निकाल कायद्याच्या शब्दांना धरून होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती शब्द लिहिणाऱ्यांबद्दल. एका हाताने मक्तेदारी द्यायची आणि दुसरा हात बांधून ठेवायचा, यात ग्राहकाला राखणारा कोणी उरत नाही.

विचारू_का
सगळ्यांचे आभार, खूप नवीन कळलं. पण मग महापालिकेनेच चालवावं हा पर्याय का नको? नफाच नाही म्हटल्यावर देखभालीला कात्री लावायचं कारणही नाही ना.

गळतीशोधक
असं वाटतं खरं, पण अमेरिकेत फिलाडेल्फियाची गॅस कंपनी शहराच्याच मालकीची आहे आणि तिथेही जुन्या ओतीव लोखंडाच्या पाइपांचा प्रश्न वर्षानुवर्षं आहेच. नफ्याचा दबाव नसला तरी दर वाढवू नका हा राजकीय दबाव असतो आणि त्यातही जमिनीखालचंच काम मागे पडतं. मालक कोणीही असो, तपासणारा त्याच्या घरचा नको.

आणि तपासणाऱ्याला कामाची समज हवी. १३ सप्टेंबर २०१८ ला मॅसॅच्युसेट्समध्ये लॉरेन्स आणि आसपासच्या गावांत जे झालं ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावं. जुना लोखंडी पाइप बंद करून नव्या प्लास्टिकच्या पाइपावर पुरवठा वळवायचं काम चालू होतं. दाब मोजणाऱ्या नळ्या मात्र जुन्याच पाइपाला जोडलेल्या राहिल्या. जुना पाइप बंद केल्यावर त्यातला दाब पडला, दाब आपोआप राखणाऱ्या रेग्युलेटर यंत्राला वाटलं सगळीकडेच दाब पडला, त्याने झडप उघडली आणि घराघरांत प्रमाणाबाहेर दाब गेला. एका संध्याकाळी कितीतरी घरं पेटली, एक कोवळा मुलगा गेला. चौकशीत निघालं की त्या राज्यात गॅस कंपनीच्या अशा आराखड्यावर परवानाधारक इंजिनिअरची सही लागतच नव्हती, कायद्यानेच सूट दिलेली होती. त्यानंतर राज्याने ती सूट काढली, कंपनीने गुन्हा कबूल केला, ५.३ कोटी डॉलर दंड झाला आणि तिला त्या राज्यातला धंदा विकावा लागला. कंपनी काही वाईट काम करत नव्हती, उलट जुना पाइप बदलायचं चांगलंच काम चाललं होतं, म्हणून तर मी म्हणतो की नुसतं पाइप बदला म्हणून हुकूम सोडून भागत नाही, बदलताना कोण बघतंय तेही लिहा.

कलमवाचक
+१. आणि दंड कोणाच्या खिशातून जातो तेही. कॅलिफोर्नियात २०१० ला सॅन ब्रुनोला मोठ्या दाबाची लाइन फुटली, आठ माणसं गेली. ती वितरणाची लाइन नव्हती पण वस्तीतूनच जात होती. तिथल्या आयोगाने (गॅस-विजेसारख्या सेवांवर देखरेख ठेवणारा राज्याचा नियामक) २०१५ मध्ये १६० कोटी डॉलरचा दंड केला तो भागधारकांवर, त्यातला मोठा भाग पाइपांच्या सुरक्षेच्या कामावर खर्च करायला लावला आणि ४० कोटी ग्राहकांना परत. पण अपघाताच्या चौकशीत त्याच आयोगाच्या ढिल्या देखरेखीवरही ठपका होता, हेही विसरू नका.

विचारू_का
मग दरवाढीवर जनसुनावणी असेल तर साध्या ग्राहकाने काय मागावं?

गळतीशोधक
दराचा आकडा बाजूला ठेवून आधी तीन गोष्टी विचारा. लोखंडी पाइप किती किलोमीटर उरलेत आणि मागच्या वर्षी किती बदलले, सापडलेल्या पण अजून न बुजवलेल्या गळत्यांची यादी कुठे आहे, आणि हिशेबात न सापडणारा गॅस किती टक्के. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१४ च्या कायद्यापासून कंपन्यांना गळत्यांची माहिती जाहीर करावी लागते, लोक आपापल्या रस्त्याचं नाव शोधून बघतात. अशी यादी हातात आली की मग दरवाढीचं बोलायला बसा, आणि उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.