ज्वारीची भाकरी थापतानाच चिरते, तव्यावर फुगत नाही. नेमकं कुठे चुकतंय?

तवा_परात :

पोळ्या मऊ होतात, बाजरीची भाकरीही जमते. अडतं ते फक्त ज्वारीपाशी. सध्याची पद्धत अशी आहे :

पीठ दुकानातलं पाकीटबंद. चार भाकऱ्यांचं, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम पीठ नळाच्या साध्या पाण्यात एकदमच मळून घेते आणि मग एकेक थापते. गोळा करतानाच कडेला बारीक भेगा दिसतात. तळहाताएवढी होईपर्यंत ठीक जातं, पुढे कड चिरत जाते. तव्यावर टाकल्यावर पाणी लावायला गेलं की बोटांना पीठ चिकटून येतं. मधे एखादा फोड येतो, तो फुटतो आणि वाफ निघून जाते. तासाभरात भाकरी वाकवली की मोडते.

तवा लोखंडी, आच मध्यम. पीठ बदलू, पाणी बदलू की हात? आधी काय?

शाळू :

ताई, गोळ्यालाच भेगा पडतात म्हणजे थापण्याचा दोष नंतर बघू. तुमच्या पिठाची विरी, म्हणजे गोळा धरून ठेवणारा चिकटपणा, गेली आहे.

गव्हात पाणी घालून मळलं की चिकाची जाळी तयार होते आणि ती पीठ धरून ठेवते. ज्वारीत तशी जाळी होतच नाही. ज्वारीचा गोळा धरून ठेवतो तो पिठातला स्टार्च. त्याला गरम पाणी मिळालं की तो फुगतो आणि चिकट होतो. साधारण ७० अंशांच्या आसपास हे व्हायला लागतं, म्हणून नळाच्या पाण्याने काही होत नाही. त्यातून पीठ जुनं असेल तर गार पाण्यात ते वाळूसारखं सुटंच राहतं.

आधी एवढं करून बघा. दोन चमचे पिठात कडकडीत पाणी चमचाभर घाला, झाकून दोन मिनिटं ठेवा, मग लिंबाएवढी गोळी करा. अंगठ्याने दाबून चपटी करा आणि कड बघा. कड गुळगुळीत राहिली तर पीठ वापरता येईल. दात पडल्यासारखी फाटली तर थोडं पाणी वाढवून पुन्हा बघा. तरीही फाटली तर त्या पिठाची धिरडी करा, भाकरीच्या नादाला लागू नका. जिभेवर चिमूटभर ठेवून कडवट लागलं तर धिरडीही नकोत.

पीठ वापरण्याजोगं असेल तर उकड काढा. १०० ग्रॅम पिठाला ११० ते १२० मिली पाणी. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, चिमूटभर मीठ घाला, गॅस बंद करा, पीठ एकदम ओता आणि उलथन्याच्या दांड्याने ढवळा. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं विसरून जा. मग परातीत काढून हाताला सोसवेल इतकं गरम असतानाच मळा. मळणं म्हणजे पोळीच्या कणकेसारखं गोळा करणं नव्हे. तळव्याच्या मागच्या भागाने पीठ परातीवर पुढे रगडत न्यायचं, गोळा करायचा, पुन्हा रगडायचं. चार मिनिटं तरी. मधे कोरडं वाटलं तर हात ओला करा, वरून पाणी ओतू नका.

चार भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवू नका. उकड एकदम काढली तरी चालते, मळणं मात्र एका भाकरीपुरतं. उरलेली उकड ओल्या फडक्याखाली. मळलेला गोळा दहा मिनिटं पडून राहिला तरी वरची साल सुकते आणि थापताना भेग तिथूनच सुरू होते.

थापणं : गोळा दोन्ही तळव्यांत दाबून पेढ्यासारखा चपटा करा आणि कड बोटांनी फिरवून गुळगुळीत करा. इथे राहिलेली केसाएवढी भेग पुढे बोटभर होते. परातीत चिमटीने कोरडं पीठ भुरभुरा, जास्त नाही. एका हाताच्या बोटांनी थापत राहायचं आणि दुसऱ्या हाताने कडेला आधार देत भाकरी फिरवायची. जोर मधे कमी, कडेकडे जास्त. मधोमध थापत राहिलं की मध्य पातळ होतो आणि भाकरी तिथेच फुटते. १६ ते १८ सेंटीमीटर आणि तीन मिलीमीटर जाडी सुरुवातीला पुरे. परातभर भाकरीची घाई नको.

गिरणीवाला :

वरच्या उत्तराला एक जोड देतो. धान्यापासून सुरुवात केली तर निम्मी कटकट संपते.

भाकरीला रब्बीची ज्वारी घ्या, म्हणजे शाळू. मालदांडी ३५-१ हे नाव दुकानात सगळ्यांना माहीत असतं. हा वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात निवडीने तयार झाला. फुले वसुधा, फुले रेवती, परभणी मोती हेही रब्बीचे वाण, भाकरीला चांगले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. खरिपाची हायब्रीड स्वस्त मिळते, पण दाणे भरताना पाऊस लागला की ती काळी पडते, पीठ करडं येतं आणि चवही बसकी. दाणा हातात घेऊन बघा : शाळूचा दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरट आणि चमकदार असतो.

दळण दोन किलोच्या वर करू नका. चौघांच्या घरात रोज भाकरी असेल तर तेवढं आठवड्याभरात संपतं. उन्हाळ्यात पीठ पंधरा दिवसांपलीकडे नेऊ नये. ज्वारीच्या दाण्यात कोंभाचा भाग असतो, त्यातलं तेल दळल्यावर उघडं पडतं आणि हवेने खवट होतं. बाजरीत तेल याहून जास्त, म्हणून ती आणखी लवकर कडवट होते.

गिरणीवर ज्वारी किंवा बाजरीच्या दळणामागून नंबर लावा. गव्हाच्या मागून दळलं तर पहिलं अर्धा किलो मिसळलेलं येतं. दळण बारीकच सांगा. रवाळ पिठाला भेगा पडतातच. आणि घरी आणलं की गरम पीठ तसंच डब्यात भरू नका. कागदावर पसरून पूर्ण निवू द्या, नाहीतर आतल्या आत घाम येऊन गुठळ्या होतात आणि आठवड्यात वास येतो.

उकडीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. चार-पाच दिवसांच्या मालदांडीच्या पिठाला उकड लागत नाही. १०० ग्रॅमला ९० ते १०० मिली चांगलं गरम पाणी घालून मळलं की पुरतं. उकडीची भाकरी मऊ राहते हे खरं, पण ताज्या पिठाचा खरपूसपणा थोडा मरतो. प्रवासात न्यायची असेल तेव्हा उकड, घरी गरम खायची तेव्हा साधी.

तवा_परात :

दाबून बघितलं, पाकिटातल्या पिठाची कड पाणी वाढवूनही फाटली. मालदांडी दळून आणली. गरम पाण्यात मळल्यावर थापताना एकही चीर नाही, उचलतानाही तुटली नाही! आता प्रश्न फक्त तव्याचा. भाकरी निम्मीच फुगते आणि एका जागी तव्याला चिकटते.

शाळू :

छान. आता तव्यावरचा क्रम एकदा ताडून बघा, कारण भाकरी फुगते की नाही हे पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरतं.

तवा आधी चांगला तापवा. पाण्याचे थेंब शिंपडले की ते नाचत उडून गेले पाहिजेत. नुसते बसून उकळत राहिले तर तवा थंड आहे, आणि तुमची भाकरी चिकटते ती यामुळेच. टाकताना परातीला लागलेली, कोरडं पीठ असलेली बाजू वर आली पाहिजे. लगेच, श्वासभरही न थांबता, तिच्यावर पाणी फिरवा. दोन ते तीन चमचे पाणी, भिजलेल्या फडक्याने किंवा चारही बोटं जोडून, मधून कडेपर्यंत एकाच फेरीत. बोटं परत परत घासली की पीठ उचलून येतं. जिथे पाणी लागलं नाही तिथे कोरडं पीठ करपतं, भाकरीची ती जागा आवळते आणि फुगा तिथेच अडतो. तुमची निम्मी फुगणारी भाकरी बघा, न फुगलेल्या भागावर पांढरे पट्टे असतील.

पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. पृष्ठभागावरची चकाकी गेली आहे पण बोट लावलं तर ओलसर लागतंय, हीच वेळ. उशीर झाला की खालची बाजू आधीच कडक होते आणि मग वाफेला पापुद्रा उचलता येत नाही. दुसरी बाजू मात्र निवांत भाजा, मध्यम ते मोठ्या आचेवर मिनिटभर, सगळीकडे तांबूस ठिपके येईपर्यंत. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट जाळावर धरा आणि चिमट्याने फिरवत राहा. दहा-पंधरा सेकंदांत टम्म होते. उलथनं कडेखाली आडवं सरकवा, टोक टोचू नका. टोचलेलं भोक म्हणजे वाफेला दरवाजा.

मंद आचेवर चार-पाच मिनिटं ठेवलेली भाकरी फुगली तरी कडक होते, कारण तोवर ओल उडून जाते. एका भाकरीला सगळं मिळून सव्वादोन ते अडीच मिनिटं. उतरवल्यावर दुरडीत फडकं घालून त्यात ठेवा. गरम भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात घातली की खालची ओली होते.

थंडीतली_भाकर :

इकडे परदेशात गॅसचा जाळ नाही, विजेची कॉइल आहे. ताजं दळण मिळत नाही, पाकीटच. काही उपाय?

शाळू :

पाकीट घ्याल तेव्हा सगळ्यात अलीकडची दळणाची तारीख असलेलं घ्या आणि घरी आणल्या आणल्या हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गारठ्यात तेल खवट व्हायला वेळ लागतो. वापरण्याआधी लागेल तेवढंच काढून तासभर बाहेर ठेवा, नाहीतर उकडीचं पाणी एकदम गार होतं. तुमच्यासाठी उकडच, त्याला पर्याय नाही.

कॉइलवर पायांची तारेची जाळी ठेवा, जाळी तापली की भाकरीची पहिली बाजू तिच्यावर. काचेच्या चुलीवर हे जमणार नाही. तिथे तव्यावरच फडक्याच्या बोळ्याने कडेकडेने हलकं दाबत फिरा. एका बाजूला दाबलं की वाफ दुसरीकडे सरकते आणि पापुद्रा उचलत नेते. फुगा आला की दाबणं थांबवा.

खानदेशी_कळणा :

पिठाची विरी थोडीच कमी असेल आणि टाकवत नसेल तर आमच्याकडचा कळणा लक्षात ठेवा. जळगाव-धुळ्याकडे ज्वारी आणि उडीद एकत्र दळतात. एक किलो ज्वारीला पाव किलो अख्खे काळे उडीद, दळतानाच थोडं जाडं मीठ. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी साध्या गरम पाण्यातही चिरत नाही. घरात तयार ज्वारीचं पीठ असेल तर चार वाट्यांत एक वाटी उडदाचं पीठ मिसळलं तरी काम होतं. थापताना हाताला जास्त चिकटते, म्हणून परातीतलं भुरभुरणं थोडं वाढवा. भाजायला साध्या भाकरीपेक्षा अर्धं मिनिट जास्त द्या, कच्चा उडीद लगेच कळतो. सोबत भरीत किंवा हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्चं शेंगदाणा तेल.

तवा_परात :

पांढरे पट्टे होते, अगदी न फुगलेल्या बाजूलाच. आज फडक्याने पाणी फिरवलं, चारपैकी तीन टम्म झाल्या. चौथीला उलथन्याचं टोक लागलं. उद्या अर्धा किलोच्या दळणात कळणा करून बघते. उडीद सव्वाशे ग्रॅम, बरोबर ना?

खानदेशी_कळणा :

अर्धा किलो ज्वारीला सव्वाशे, बरोबर. उडीद आधी कडक उन्हात दोन तास ठेवा. दमट उडीद जात्याला चिकटतो आणि पीठ जाड येतं.