प्रतिसाद: डिझेल सांडलेली माती नि युरिया

डिझेल सांडलेल्या मातीत युरिया मारला की झाडांचा पिवळेपणा जाईल असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, ते अर्धंच खरं हां. आमच्या फोंड्याच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पंपाजवळ डिझेलचा कॅन लवंडला होता, तिथलं अळू पिवळं पडलं आणि पाणी ओतलं तर मातीवरून नुसतं घरंगळायचं. होतं काय, डिझेल म्हणजे जवळजवळ सगळा कार्बन नि हायड्रोजन, नायट्रोजन नावालाच, मग ते खाणारे बॅक्टेरिया वाढले की मातीतला नायट्रोजन तेच ओढून घेतात नि झाडं उपाशी. त्यात अमोनियाचं नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनाससारखे जंतू तेलाला भारी नाजूक, मग झाडांना लागणारं नायट्रेट बनायचं काम तिथंच अडतं. युरियातून नायट्रोजन मिळतो, तेव्हा तो घालाच, पण थोडा थोडा, आणि आधी माती खणून मोकळी करा, हवा नसली तर डिझेल लवकर कुजत नाही.